नव्वद पटींचा हिशेब

समुद्रात तेल सांडलं की ते पाण्यापासून वेगळं करण्याचा मार्ग चांगल्या शोषकातून आणि चांगल्या गाळणीतून जातो, असं मी बरीच वर्षं मानत होतो. वर्गात तेच शिकवलं, व्याख्यानांत तेच सांगितलं, लेखांतून तसंच लिहिलं. आज मला तसं वाटत नाही. शोषकांवरचा माझा विश्वास उडालेला नाही. त्यांची जागा कुठे आहे, याबद्दलचं मत मात्र पार बदललं आहे. ज्यांनी माझी व्याख्यानं ऐकली त्यांना हे कळायला हवं, म्हणून हे मनोगत.

मी रसायनशास्त्राचा शिक्षक, आणि शिकवलं तेही रायगडच्या किनाऱ्यावर. तेल आणि पाणी एकमेकांत का मिसळत नाहीत, हा प्रश्न दरवर्षी वर्गात यायचा आणि उत्तर देताना मला दरवर्षी आनंद व्हायचा. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन. तेलांचा साधारण २० ते ३५च्या दरम्यान. ज्या पदार्थाचा पृष्ठभाग पाण्याला दाद देत नाही पण तेलाला जवळ करतो, तो हातात आला की निम्मं काम झालं. पॉलिप्रॉपिलीन तसं आहे. मेण लावलेला स्पंज तसा आहे. आपल्या डोंगरात उन्हाळ्यात बोंडं फुटून उडणारा सावरीचा कापूसही तसाच आहे. त्याचे तंतू आतून पोकळ असतात आणि त्यांच्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो.

हा प्रयोग मी मुलांना हमखास दाखवायचो. काचेच्या मोठ्या चंचुपात्रात पाणी, त्यावर गॅरेजमधून आणलेल्या जळक्या इंजिन ऑइलचा काळा थर. त्यावर सावरीच्या कापसाचा पुंजका अलगद सोडायचा. पुंजका बुडत नाही. तेल खालून चढू लागतं. पांढरा रंग आधी तपकिरी, मग काळा होत वर सरकतो, आणि पाहता पाहता भोवतालच्या पाण्यावरचं तेल आकसत पुंजक्याकडे येतं. चिमट्यानं तो उचलला की खाली पाणी स्वच्छ. मुलं टाळ्या वाजवायची. दर वेळी मलाही तो क्षण तितकाच आवडायचा.

त्या काळात या विषयावरचं संशोधन जोरात होतं. २००४ साली बीजिंगमध्ये लेई जियांग यांच्या गटानं स्टीलच्या जाळीवर टेफ्लॉनचा लेप दिला. त्या जाळीतून डिझेल खाली गेलं आणि पाणी वरच राहिलं. २०१२ साली मिशिगन विद्यापीठात अनिश तुतेजा यांच्या गटानं उलटा गुणधर्म असलेला पडदा केला, ज्यातून पाणी जातं आणि तेल अडतं. शिवाय पाण्यात बारीक विखुरलेलं तेलही तो वेगळं करत होता. २०१५ साली ओहायो राज्य विद्यापीठातल्या भारत भूषण यांच्या प्रयोगशाळेतून कमळाच्या पानावरून सुचलेली जाळी आली. आणि २०१७ साली अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेनं ‘ओलिओ स्पंज’ जाहीर केला. साधा फोम, पण त्याच्या आतल्या पृष्ठभागावर रसायनाची अशी प्रक्रिया केलेली की तो स्वतःच्या वजनाच्या ९० पटींपर्यंत तेल धरून ठेवतो. वर तो पिळून पुन्हा वापरता येतो.

हा ९० चा आकडा मी माझ्या व्याख्यानात घातला आणि आपल्या दाराशी घडलेल्या अपघाताला लावून दाखवू लागलो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘एमव्ही खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली होती. चित्राच्या टाक्यांत अडीच हजार टनांहून जास्त इंधन तेल होतं. त्यातलं सुमारे ८०० टन समुद्रात गेलं. मी फळ्यावर ८०० ला ९० नं भागायचो. नऊ टनसुद्धा स्पंज लागत नाही. वजनानं फार तर एका ट्रकचा भार! सभागृहात कुजबुज व्हायची. हा एवढा सोपा उपाय असताना सरकार करतं काय, असं कुणीतरी हमखास विचारायचं.

या भागाकारात काय सुटलं होतं ते मला हळूहळू कळत गेलं, आणि ते कळायला कुठल्या परदेशी अहवालाची गरज नव्हती. शाळेतलं गणित पुरलं.

तेल पाण्यावर पडलं की ढीग करून बसत नाही. ते पसरतं. ८०० टन तेल मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीनं पसरलं, तर ते आठ चौरस किलोमीटरांहून जास्त समुद्र व्यापतं. एवढ्या पातळ थरात दर चौरस मीटर पाण्यावर तेल असतं जेमतेम ९५ ग्रॅम. आता बाजारात मिळणारा पॅड घ्या. चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचा, वजनाच्या पंधरा पट तेल घेणारा. त्याची ताकद तीन किलोची. तो पाण्यावर टाकला की त्याच्या खाली ९५ ग्रॅम तेल आहे. तेवढं तो काही सेकंदांत पितो आणि मग रिकामाच तरंगत बसतो. त्याची क्षमता पंधराच्या जागी नव्वद पट केली, तरी त्याला मिळणारं तेल तेवढंच. शोषक किती धरू शकतो या प्रश्नाला इथे काही अर्थच उरत नाही. तेल त्याच्यापर्यंत पोचतं किती, हा खरा प्रश्न. माझ्या चंचुपात्राच्या भिंती तेलाला पळू देत नव्हत्या, म्हणून तो प्रयोग इतका देखणा व्हायचा.

प्रत्यक्षात तेल सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं हे खरं. वाऱ्यानं त्याचे लांब पट्टे होतात, कुठे जाड तवंग, कुठे नुसती इंद्रधनुषी झिलई. म्हणून आधी ते वेढून, एकत्र आणून जाड करावं लागतं. त्यासाठी बूम, म्हणजे तरंगणारे पट्टे लावतात. पण प्रवाहाचा वेग साधारण पाऊण नॉटच्या वर गेला की आडव्या लावलेल्या बूमखालून तेल निसटू लागतं, आणि मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा प्रवाह त्याहून सहज जास्त असतो. त्यात महिना ऑगस्टचा, समुद्र खवळलेला, आणि पाण्यात शेकडो कंटेनर तरंगत असलेले. त्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जेएनपीटी ही दोन्ही बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली होती. तेल काढायला जाणाऱ्या बोटींनाही तेच पाणी होतं. तटरक्षक दलाचं ‘समुद्र प्रहरी’ हे खास तेलप्रदूषण निवारणासाठी बांधलेलं जहाज ताफ्यात आलं ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. दोन महिने उशिरा.

त्या ऑगस्टमध्ये मी विद्यार्थ्यांना घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. सोबत शोषक पॅडचे गठ्ठे होते आणि माझ्या मनात प्रयोगशाळेतला तो काळा थर होता. वाळूवर तसला थर नव्हताच. भरतीच्या रेषेवर शेवाळ, ओंडके, थर्माकोल, चपला, पिशव्या या सगळ्यांना लपेटून बसलेला चिकट लगदा होता. पॅड दाबला की त्याला तेलाआधी वाळू लागायची. उन्हात वाळू तापली की वरचं तेल पातळ होऊन आणखी खाली मुरायचं. कामाला आली ती फावडी, घमेली आणि गोणपाट. खाडीच्या बाजूला तिवरांची श्वसनमुळं, चिखलातून वर आलेली ती बोटभर उंचीची टोकं, तेलानं माखून गेली होती. मुलांना ती पुसायची होती, आणि मी त्यांना अडवलं. त्या चिखलात माणसांची पावलं पडली की तेल खाली दाबलं जातं, मुळं मोडतात, आणि नुकसान वाढतं. तिवरांत बहुतेक वेळा भरती-ओहोटीला तिचं काम करू देणं हाच बरा उपाय असतो. पॅडचे गठ्ठे आम्ही बऱ्याच अंशी न फोडताच परत नेले.

तरीही माझं मत तेव्हा बदललं नाही, हे सांगायला हवं. मी मनाशी म्हटलं, पॅड चांगला नव्हता. याहून चांगला पदार्थ येईल. पदार्थांच्या अभ्यासकाला हा विचार किती सहज सुचतो, हे मी आता पाहतो. प्रत्येक अपयशाचं उत्तर पुढच्या पदार्थात असतं.

मग मी सांडलेल्या तेलाचं पुढे काय होतं ते नीट वाचायला लागलो. जड इंधन तेल लाटांनी घुसळलं गेलं की त्यात पाणी शिरतं, ७० ते ८० टक्क्यांपर्यंत. आकारमान तीन-चार पट होतं, रंग तपकिरी होतो आणि दाटपणा इतका वाढतो की ते फावड्यावर राहतं. असं तेल शोषकाच्या छिद्रांत चढत नाही, नुसतं बाहेरून लिंपलं जातं. शोधनिबंधांतले बहुतेक आकडे डिझेलवर किंवा हलक्या तेलावर काढलेले असतात, तेही ताज्या. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर बंदरासमोर दोन जहाजं आदळली तेव्हा किनाऱ्यावर आणलेली मोठी शोषण-यंत्रं त्या घट्ट तेलापुढे अडली, आणि शेवटी मच्छीमारांनी, स्वयंसेवकांनी रांगा लावून बादल्यांनी तेल उपसलं. त्या बादल्यांची छायाचित्रं देशभर लाजिरवाणी म्हणून फिरली. मला मात्र त्यांत दोष हातांचा दिसत नाही. त्या तेलावर त्या क्षणी जे चालत होतं तेच त्या लोकांनी केलं. प्रश्न विचारायचाच तर हातमोजे, बूट आणि श्वासाचे मास्क त्यांना का मिळाले नाहीत, हा विचारावा.

आणखी एक गोष्ट मी व्याख्यानांत कधीच बोललो नव्हतो. भिजलेल्या शोषकाचं करायचं काय? डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर ‘एरिका’ हे टँकर मोडून बुडालं. सांडलेलं तेल सुमारे २० हजार टन, गोळा झालेला तेलकट कचरा दोन लाख टनांहून जास्त. दहा पट! त्यात वाळू, शेवाळ, पाणी, कपडे, आणि अर्थात शोषकही. तेल उचलून आपण संपवत नाही. ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतो, आणि सोबत आणखी वजन वाढवतो. एकदा वापरून फेकायचा पॅड या हिशेबात किती भर घालतो, ते मी मोजलंच नव्हतं.

आणि समुद्रावरचं यश किती, तेही पाहा. २०१० सालीच मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलविहिरीचा मंच फुटला. अमेरिकेच्या सगळ्या ताकदीनिशी, हजारो बोटी आणि मैलोन्मैल बूम लावून, पाण्याच्या पृष्ठभागावरून उचललं गेलेलं तेल सरकारी अंदाजानुसार एकूण तेलाच्या सुमारे तीन टक्के होतं. जाळलं गेलं ते पाच टक्के. जगातल्या सर्वांत सधन देशाची ही कथा.

माझं मत खऱ्या अर्थानं हललं ते मॉरिशसमुळे. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचं जहाज बेटाच्या आग्नेयेला पॉइंट देस्नीच्या प्रवाळखडकावर चढलं. बारा दिवस ते तिथेच अडकून होतं. ६ ऑगस्टला तेल गळू लागलं आणि सुमारे हजार टन निळ्या खाजणात गेलं. माहेबूरच्या लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाचं वाळलं पाचट कापडाच्या आणि जाळीच्या लांब नळ्यांत भरलं, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या, आणि हातानं शिवलेले असे बूम पाण्यात सोडले. केशकर्तनालयांत लोकांनी केस कापून दिले. ज्या ऊसमळ्यांत मजुरी करायला कोकणातली माणसं एकोणिसाव्या शतकात त्या बेटावर गेली, आणि ज्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, त्याच उसाचं हे पाचट.

पहिल्या प्रथम ती दृश्यं पाहून माझ्यातला रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणाला, हे चालणार नाही. पाचट पाणीही पितं. भिजलं की जड होऊन बुडतं. केसांचंही तसंच. अमेरिकेत केसांच्या बूमची चाचणी झाली तेव्हा ते पाणी पिऊन बुडाले होते, म्हणून मेक्सिकोच्या आखातात ते वापरायचं टाळलं गेलं. हे सगळं आजही खरं आहे. पण मी विचारत होतो तो प्रश्नच त्या लोकांपुढे नव्हता. त्यांना पाचटानं तेल गाळायचं नव्हतं. खाजणातून खारफुटीकडे आणि किनाऱ्याकडे येणारं तेल काही तास, एक-दोन भरत्या अडवून धरायचं होतं, तेवढ्यात ते उपसायचं होतं. त्यासाठी जवळचं, ढिगांनी मिळणारं आणि आज रात्री हाताशी असलेलं साहित्य लागतं. ९० पटींचा स्पंज जगात कुठेतरी होता. माहेबूरच्या किनाऱ्यावर पाचट होतं.

या गोष्टीचा उदोउदो मला करायचा नाही. तेलाच्या वाफेत माणसं उघड्या हातांनी राबली. नंतर त्या तेलकट पाचटाचीही विल्हेवाट लावावी लागली. आणि जहाज अडकून होतं त्या बारा दिवसांत टाक्या रिकाम्या करता आल्या असत्या, तर यातलं काहीच लागलं नसतं. माझ्या मनातला क्रम मात्र तेव्हा उलटला. पदार्थाची गुणवत्ता मी पहिली धरत होतो. आता मी आधी विचारतो, साठा कुठे आहे, किती तासांत पोचेल, तो लावणारी माणसं शिकलेली आहेत का, आणि भिजल्यावर तो जाणार कुठे. गुणवत्ता त्यानंतर.

मग गाळणी निरुपयोगी ठरली का? अजिबात नाही, आणि माझ्या सध्याच्या मताचा गाभा इथेच आहे. जिथे तेलकट पाण्याला भिंती आहेत, जिथे ते रोज, थोडं थोडं, ठरलेल्या वाटेनं येतं, तिथे हे सगळं शास्त्र अप्रतिम चालतं. अशी जागा म्हणजे जहाजाचं पोट.

कुठल्याही जहाजाच्या इंजिनखोलीच्या तळाशी गळलेलं तेल, धुण्याचं पाणी, झिरपलेलं समुद्राचं पाणी साचतं. त्याला बिल्ज म्हणतात. मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते पाणी बाहेर सोडताना त्यात तेल दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त असता कामा नये. त्यासाठी ४०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांवर तेल-पाणी विभाजक यंत्र असतं. त्याच्या आत घडतं ते माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर काम. पाण्यात तरंगणारा तेलाचा थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. पाण्यापेक्षा दहा टक्के हलक्या तेलाचा, मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब तासाला सुमारे दोन मीटर चढतो. त्याच्या दहाव्या भागाएवढा थेंब घेतला तर तासाला दोन सेंटीमीटर. पंपानं ढवळून बारीक झालेलं तेल म्हणून आपण होऊन वर येतच नाही. तेलाला जवळ करणाऱ्या तंतूंच्या गाळणीतून ते पाणी हळू नेलं की बारीक थेंब तंतूंना चिकटतात, एकमेकांना भेटतात, मोठे होतात, सुटतात आणि झपाट्यानं वर जातात. सावरीच्या कापसाचंच तत्त्व, पण इथे तेल तंतूंत साठून राहत नाही. २००५ पासून बसवल्या जाणाऱ्या यंत्रांची चाचणी पाण्यात घट्ट मिसळलेल्या तेलावरही घ्यावी लागते.

आणि तरीही इथे पदार्थाखेरीज काहीतरी आड येतं. डिसेंबर २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझ लाइन्स या कंपनीनं अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या तिच्या प्रवासी जहाजावर विभाजक यंत्राला वळसा घालणारा चोरपाइप बसवलेला होता. नोंदीत सगळं ठीक दिसावं म्हणून यंत्रातून स्वच्छ समुद्राचं पाणी फिरवलं जात होतं. हे उघडकीला आणलं नव्यानं नोकरीला लागलेल्या एका इंजिनिअरनं. गाळणी तिथे होती, चांगल्या प्रतीची होती. पैसे वाचवण्यासाठी तिला बाजूला ठेवलं होतं. हे प्रकरण वाचल्यावर मी माझ्या व्याख्यानातून ‘यावर उपाय विज्ञानाकडे आहे’ हे वाक्य काढून टाकलं.

४०० टनेजच्या खाली आपल्या मासेमारी बोटी येतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा ट्रॉलर आहे. त्यांच्या परवानगीनं मी इंजिनखोलीत उतरलो. पायाखालच्या फळ्या उचलल्या की खाली करडं-काळं पाणी, डिझेलचा वास आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर कडेला घासणारी तेलाची कड. पंप सुरू झाला की ते सगळं ढवळून बाहेर, थेट बंदराच्या पाण्यात. मी काही बोलायच्या आत नाखवा म्हणाले, “सर, पाणी भायेर टाकलं नाय तर बोट बुडंल.” बरोबरच होतं. आम्ही पॉलिप्रॉपिलीनच्या कापडाचे तुकडे जाळीच्या पिशवीत घट्ट भरून एक उशी शिवली आणि पंपाच्या तोंडाच्या अलीकडे दोरीनं बांधली. अलीकडे अशासाठी की पंपात शिरण्याआधी तेल अखंड थरात असतं, पंपातून निघाल्यावर त्याचे कण कण होतात. पुढच्या फेरीनंतर उशी वर ओढली तेव्हा ती काळी, जड, निथळती होती, आणि पंपानं बाहेर टाकलेल्या पाण्यावर रंगीत झिलई नव्हती. नव्वद पट नाही, दहा पट घेणारं साधं कापड. इथे ते भरेपर्यंत काम करतं, कारण तेल दर हेलकाव्याला त्याच्याकडे येत राहतं.

नाखव्यांनी उशी हातात तोलली आणि विचारलं, “ही भरल्यावर टाकायची कुठं?”

तेलाच्या या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी त्या इंजिनखोलीत ऐकला. वापरलेलं तेल आणि तेलकट शोषक यांच्यासाठी देशात २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम आहेत, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारे आहेत. पण त्या जेट्टीवर एक साधा ड्रमसुद्धा नव्हता. तो नसेल तर उशी रात्रीच्या अंधारात पाण्यातच जाणार, आणि मग ती शिवण्यात काही अर्थ नाही.

गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी डांबराचे गोळे येतात, ते सगळ्यांनी पायांना लावून घेतलेले आहेत. त्यामागे दर वेळी एखादी बातमीत आलेली टक्कर नसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्या गोळ्यांचा अभ्यास करून टँकर धुतल्याच्या तेलाकडे आणि समुद्रातल्या तेलविहिरींकडे बोट दाखवलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचा २०२२ चा अहवाल तर सांगतो की उत्तर अमेरिकेच्या समुद्रात जाणाऱ्या तेलाचा सर्वांत मोठा वाटा जमिनीवरून, रस्त्यांवरून, शहरांतून वाहून येणाऱ्या पाण्याचा आहे. अपघात डोळ्यांत भरतात. मीही माझं सगळं लक्ष त्यांच्याकडेच दिलं होतं, आणि रोजचं तेल माझ्या कॉलेजच्या मागच्या गटारातून खाडीत जात होतं.

काही सहकारी मला म्हणाले, असं बोलून तुम्ही तरुण संशोधकांचा उत्साह घालवता. मला ते पटत नाही. नवीन पदार्थ हवेतच. माझ्याकडे प्रकल्प घेऊन येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो की लाल रंग घातलेल्या ताज्या तेलावर थांबू नका. तेल आठवडाभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात ठेवा, त्यात वाळू आणि चिखल घाला, शोषक दहा वेळा पिळून मग मोजा, आणि शेवटच्या पानावर तो कुठे जाणार ते लिहा. ज्यांनी असं केलं त्यांचे आकडे लहान आले, आणि ते आकडे मला फार मोलाचे वाटतात.

आता विनंती. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, बोटी वर काढून दुरुस्त्या होतात. मच्छीमार सोसायट्यांनी त्या काळात दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक बोटीत पंपाच्या अलीकडे एक उशी बांधून घ्यावी, आणि बंदराच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करून जेट्टीवर वापरलेल्या तेलासाठी झाकणाचा ड्रम आणि तो नेणारा नोंदणीकृत माणूस मागावा. ड्रम आधी मागा, उशी नंतर बांधा. उशी कशी शिवायची ते दाखवायला मी कुठल्याही बंदरावर येईन.